पाणी दारात येण्याआधी: पंचगंगेच्या पुरात घर रिकामं करण्याचा योग्य क्रम

पूरपट्ट्यातली बहुतेक घरं एकच हिशेब करतात: पाणी आपल्या उंबऱ्याला कधी लागेल? खरा हिशेब वेगळा आहे. आपल्या घरातून बाहेर नेणारा रस्ता कधी बंद होईल, हा. घर कोरडं असताना रस्ता बुडतो आणि मग माणसं माळ्यावर, जनावरं गोठ्यात आणि बोट दुसऱ्याच गल्लीत, अशी गत होते. २०१९ला हे झालं आणि २०२१लाही झालं. दोन्ही वेळी लोकांना पाण्याची खबर होती. चुकला तो क्रम. खालचे टप्पे कोल्हापूर शहर, करवीर आणि शिरोळचा नदीकाठ डोळ्यासमोर ठेवून लिहिले आहेत.

टप्पा १: मे महिन्यातच आपले दोन आकडे काढा

पंचगंगेची पातळी कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर फूट-इंचात मोजतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे दोन्ही आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात आणि बरेच जण तिथंच थांबतात. पण ३९ आणि ४३ हे प्रशासनाचे आकडे आहेत, तुमच्या घराचे नाहीत. सुतारवाड्यातल्या घराला ४३ची वाट बघून चालत नाही. उलट शहरात उंचावर असलेल्या पेठेत धोका पातळी ओलांडली तरी थेंब येत नाही.

म्हणून दोन आकडे हवेत.

घराचा आकडा: मागच्या पुरात तुमच्या जोत्याला पाणी लागलं तेव्हा राजाराम बंधाऱ्यावर किती फूट होतं?

रस्त्याचा आकडा: तुम्ही ज्या रस्त्यानं बाहेर पडता, त्याच्या सगळ्यात खोलगट जागी पाणी आलं तेव्हा किती फूट होतं?

हे आठवत नसेल तर गल्लीतल्या वडीलधाऱ्यांना, तालमीतल्या पोरांना विचारा. पुराच्या दिवसांतले मोबाइलमधले फोटो उघडा. फोटोवर तारीख-वेळ असते आणि त्या वेळची पातळी जुन्या बातम्यांत सापडते. दोन-तीन जणांचे आकडे जुळले नाहीत तर सगळ्यात कमी असलेला धरा.

रस्त्याच्या आकड्यातून दोन फूट वजा करा. तो तुमचा निघायचा आकडा. तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि पुण्या-मुंबईला असलेल्या मुलांनाही कळवून ठेवा. पाणी चढायला लागलं की घरात वाद होतो, 'अजून काय नाही, बघू सकाळी' असं कुणीतरी म्हणतंच. आधी ठरलेला आकडा समोर असला की तो वाद मिटतो.

सावधान: मागच्या पुराची खूण ही शेवटची खूण नाही. २०१९ला पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, तेव्हा यापेक्षा जास्त काय येणार, असं सगळ्यांना वाटलं. दोनच वर्षांनी ते ५६ फूट ३ इंचांवर गेलं. फरक आठ इंचांचा. पण जुन्या खुणेच्या वर चार बोटं ठेवलेलं सामान भिजायला तेवढे पुरतात. माळ्यावर सामान चढवताना आजवरच्या सगळ्यात वरच्या खुणेच्याही वर किमान तीन फूट जागा धरा. तेवढी उंची घरात नसेल तर सामान घरात ठेवायचंच नाही, बाहेर न्यायचं.

शिरोळकरांसाठी वेगळी गोष्ट. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. त्यामुळे कुरुंदवाड, औरवाड, राजापूर, खिद्रापूर या पट्ट्यात नुसत्या राजाराम बंधाऱ्यावर विसंबू नका. सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी (इशारा ४०, धोका ४५ फूट), कोयना आणि वारणेचा विसर्ग, खाली अलमट्टीतून किती पाणी सोडतात, हे सगळं मिळून तुमचं पाणी ठरतं. कोल्हापुरात उतार लागला तरी तुमच्याकडे फूग (पुढं न सरता मागं तुंबलेलं पाणी) राहते आणि पाणी कित्येक दिवस हलत नाही. तुमची तयारी शहरापेक्षा जास्त दिवसांची हवी.

टप्पा २: नदी पात्रात आहे तोवर करायची कामं

नदीकाठची मोटार जूनमध्येच वर काढा. पाणी पात्राबाहेर पडल्यावर मोटार, पाईप, स्टार्टर काढायला जाणं हा पुरातल्या सगळ्यात टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा रस्ता आहे. मोटार पुन्हा बांधून मिळते, वाहून गेली तरी दुसरी घेता येते. पाणी चढायला लागल्यावर ती काढायला कुणी निघालं तर घरच्यांनी हात धरून थांबवावं.

जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी टोचून घ्या. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा फोटो काढा, त्यावरचा बारा अंकी नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे. जनावर दगावलं तर पंचनाम्यात या नंबरावरून बरंच काही ठरतं.

कागदपत्रं एका जाड प्लास्टिक पिशवीत: रेशन कार्ड, आधार, बँक पासबुक, सातबारा, घरपट्टीची पावती, विम्याचे कागद, दवाखान्याची फाईल. प्रत्येकाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा. भाड्यानं राहणाऱ्यांनी भाडेकरार आणि वीजबिल नक्की ठेवावं. पंचनाम्यात घरमालकाचं नाव लागतं आणि सामान बुडालेला भाडेकरू बाहेर राहतो, हे फार वेळा होतं.

महिनाभराची औषधं घेऊन ठेवा. बीपी-शुगरच्या गोळ्या आणि इन्शुलिन पुरात दुकानात मिळेलच असं नाही. दोन्ही महापुरांत पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि शहराचा पुरवठाच तुटला. पेट्रोलचंही तेच. जुलै-ऑगस्टमध्ये टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

आता जायचं कुठं तेही ठरवून ठेवा. पाहुण्यांकडे, मठात, शाळेत की गावाच्या वरच्या अंगाला? चिखलीकरांना सोनतळी माहीत आहे, पण प्रत्येक गावाची अशी ठरलेली जागा नसते. पाहुण्यांना जूनमध्येच फोन करून विचारा, विशेषतः जनावरं सोबत येणार असतील तर.

टप्पा ३: दारातला पाऊस बघू नका, वरचा बघा

शहरात ऊन पडलं म्हणून लोक सामान खाली उतरवतात. ही चूक दरवर्षी होते. पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं एकत्र पाणी आहे आणि या नद्या घाटमाथ्याच्या बाजूनं येतात. तुमच्या गल्लीतल्या पावसापेक्षा गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी आणि पन्हाळ्यात किती मिलिमीटर झाला ते महत्त्वाचं. वर रात्रभर झोडपलं असेल तर शहरात उघडीप असतानाही पाणी चढतच राहतं.

रोज सकाळी चार गोष्टी बघा:

पहिली, गगनबावड्याचा आणि राधानगरीचा चोवीस तासांचा पाऊस. हवामान खात्याच्या भाषेत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं जोरदार, ११५.६च्या पुढं अति जोरदार आणि २०४.५च्या पुढं अत्यंत जोरदार. घाटमाथ्यावर ओळीनं दोन-तीन दिवस अति जोरदार पाऊस झाला आणि धरणं भरत आलेली असली तर बॅगा भरायला घ्या, पातळी कितीही असो.

दुसरी, राधानगरीचे दरवाजे. ते स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणाच्या आदेशाची वाट बघत नाहीत. एका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी येतं. सातही उघडले आणि वीजगृहाचा १५०० क्युसेक विसर्ग धरला तर साडेअकरा हजार क्युसेकच्या आसपास होतं. हे पाणी कोल्हापुरात पोचायला काही तास लागतात, तेच तास तुमचे.

तिसरी, राजाराम बंधाऱ्याची पातळी. चौथी, किती बंधारे पाण्याखाली गेले आणि कुठले रस्ते बंद झाले. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथं नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं, की पन्हाळा-रत्नागिरी रस्त्यावर पाणी येतं आणि आंबेवाडी-चिखलीची कोंडी होते. ही बातमी कानावर आली तेव्हा तुम्ही तिथं असता कामा नये.

व्हॉट्सॲपवर फिरणारा 'धरण फुटलं' किंवा 'सगळे दरवाजे उघडले'चा व्हिडिओ जुना असतो, बहुतेक वेळा दुसऱ्याच जिल्ह्यातला. जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन लावून खात्री करा, मगच पुढं पाठवा.

टप्पा ४: पातळीबरोबर वेगही मोजा

'आता ३९ झालंय' एवढ्यावरून काही कळत नाही. ३९ला येऊन थबकलेलं पाणी आणि तासाला तीन इंचांनी चढणारं पाणी या वेगळ्या गोष्टी आहेत.

वही घ्या. दर चार तासांनी पातळी लिहा आणि किती इंच वाढलं ते शेजारी लिहा. ३९ ते ४३ म्हणजे ४८ इंच. तासाला एक इंच वाढत असेल तर दोन दिवस हातात आहेत. तासाला तीन इंच असेल तर सोळा तास. संध्याकाळी सहा वाजता हे गणित मांडलंत तर ते सोळा तास सकाळी दहाला संपतात आणि त्यातली रात्र वाया जाते. अंधारात, पावसात, वीज नसताना म्हातारी माणसं आणि म्हशी हलवणं कठीण असतं. म्हणून माझा नियम कडक आहे: तुमचा निघायचा आकडा रात्रीत गाठला जाईल असं वहीतलं गणित सांगत असेल तर उजेड असतानाच निघा. सकाळी पाणी आलं नाही तर परत या. एक रात्र पाहुण्यांकडे गेली, एवढंच.

तपासा: वाढीचा वेग कमी झाला म्हणजे पूर ओसरला असं नाही. पाणी पात्रातून शेतात पसरतं तेव्हा बंधाऱ्यावर चढ मंदावलेली दिसते. वरचा पाऊस थांबला आहे का आणि दरवाजे मिटले आहेत का, हे दोन्ही बघितल्याशिवाय वही बंद करू नका.

टप्पा ५: हलवण्याचा क्रम

इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. लोक आधी टीव्ही-फ्रिज माळ्यावर चढवतात, मग कपाट रिकामं करतात, मग माणसं काढतात आणि जनावरं शेवटी. क्रम उलटा पाहिजे.

१. जनावरं सर्वात आधी. त्यांना कोरडा रस्ता लागतो. गुडघाभर वाहत्या पाण्यात म्हैस बिचकली की पुढं सरत नाही आणि मागची सगळी अडतात. शक्यतो धार काढून झाल्यावर हलवा, म्हणजे पुढच्या धारेपर्यंत वेळ मिळतो. कळपातली नेहमी पुढं चालणारी जुनी म्हैस आधी काढा, बाकीच्या तिच्यामागं येतात. गाभण आणि नुकत्याच व्यालेल्या जनावरांना ट्रॉली बघा. वैरणीच्या पेंढ्या, पेंडीचं पोतं आणि पाण्याची बादली सोबत न्या. निवाऱ्यात चारा मिळेल या भरवशावर पहिले दोन दिवस काढू नका.

काही कारणानं जनावर न्यायला जमलंच नाही, तर दावं सोडा. कासराही गळ्यात ठेवू नका. मोकळं जनावर पोहतं, उंचवटा शोधतं. दावणीला बांधलेलं तिथंच बुडतं. गोठ्याचं दारही उघडं ठेवा.

२. म्हातारी माणसं, आजारी, गरोदर बाई, लहान मुलं. 'मी नाही येत, माझा जन्म गेला या घरात' असं आजी म्हणणार. त्यांना शेवटच्या फेरीसाठी ठेवू नका. पहिल्या फेरीत नेलं तर त्या चालत जातात. शेवटच्या फेरीत उचलून न्यावं लागतं.

३. कागदपत्रं, दागिने, औषधं, चार्जर, दोन दिवसांचे कपडे. ही पिशवी माणसाबरोबर जाते, गाडीत नाही.

४. वाहनं. उंच जागी लावून या. गाडी पार्किंगमध्ये ठेवून पाणी चढायची वाट बघत बसू नका.

५. यानंतर वेळ उरला तर सामान. धान्य, गाद्या, शाळेची दप्तरं, शिलाई मशीन, कमाईची अवजारं आधी. टीव्ही वगैरे मागाहून. फ्रिज रिकामा करून जागेवरच ठेवायचा असेल तर खांबाला दोरानं बांधा, कारण तो पाण्यावर तरंगतो, आडवा होतो आणि दार अडवून बसतो. पाणी ओसरल्यावर मग दारच उघडत नाही.

टप्पा ६: कुलूप लावण्याआधीची अर्धा तासाची कामं

वीज: मेन स्विच बंद करा, कोरड्या पायांनी. पाय पाण्यात असतील तर बोर्डाला हात लावू नका, महावितरणला कळवा. आणि इन्व्हर्टर विसरू नका. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर घरात वीज देतच राहतो, आणि त्याची बॅटरी बहुतेक घरांत जमिनीवरच असते. आधी इन्व्हर्टर बंद करा, तारा काढा, बॅटरी वर ठेवा. छतावर सोलर असेल तर त्याचाही स्विच.

गॅस: रेग्युलेटर काढा, टोपी लावा. सिलिंडर वर न्या किंवा बांधून ठेवा, तोही तरंगतो.

संडास आणि मोऱ्या: ही गोष्ट फार कमी लोक करतात. उंबऱ्यावर पाणी येण्याआधी ते संडासाच्या भांड्यातून आणि मोरीच्या जाळीतून वर येतं, तेही मैल्यासकट. जुन्या पोत्यात माती किंवा वाळू निम्मी भरून, तोंड बांधून ते पोतं भांड्यात दाबून बसवा. मोरीच्या जाळीवर प्लास्टिक अंथरून त्यावर दुसरं पोतं ठेवा. पाणी घरात भरणारच असेल तर यानं थांबत नाही, पण फूटभर पाण्याच्या पुरात घर आणि घाण यात फरक पडतो.

पाणी: वरची टाकी भरून झाकण घट्ट लावा. उपसा केंद्रं बुडाली की नळाला पाणी बरेच दिवस येत नाही, आणि पूर ओसरल्यावर घर धुवायला हेच पाणी लागतं.

शेवटी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ. कपाट उघडून, धान्याची पिंपं दाखवून, दुकान असेल तर मालाची मांडणी दाखवून. दोन मिनिटं लागतात.

टप्पा ७: अचानक येणारं पाणी

वरचं सगळं हळूहळू चढणाऱ्या नदीसाठी आहे. जयंती नाला किंवा एखादा ओढा एका तासाच्या ढगफुटीसारख्या पावसात भरतो, तेव्हा वही आणि आकडे कामाला येत नाहीत. नाल्याकाठच्या घरांनी आकाश काळं होऊन पाऊस थांबेना झाला की तळमजल्यावर झोपू नये, एवढंच.

घाटातून प्रवास करणाऱ्यांनी रेड अलर्टच्या दिवशी करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा हे घाट टाळावेत. दरड आणि ओढे दोन्ही पूर्वसूचना न देता येतात. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान कार ढकलली जाते, दोन फुटांत बहुतेक गाड्या तरंगतात, आणि खालचा रस्ता शिल्लक आहे की खचलाय हे गढूळ पाण्यात दिसत नाही. पुढची एसटी गेली म्हणून आपण जायचं नाही. एसटीचं वजन वेगळं, तुमच्या गाडीचं वेगळं.

अडकलात तर ११२ वर फोन करा. जागा सांगताना पुलाचं किंवा फाट्याचं नाव सांगा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

टप्पा ८: परत आल्यावर, झाडू हातात घेण्याआधी

पाणी उतरलं की सगळ्यांना घर धुवायची घाई होते, कारण गाळ वाळला की दगडासारखा बसतो. घाई बरोबरच आहे, पण त्याआधी तीन गोष्टी.

भिंती बघा. मातीच्या आणि जुन्या दगडी भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी ओसरल्यावर, ऊन लागल्यावर कोसळतात. फुगवटा, नवी भेग, दरवाजा न बसणं यातलं काही दिसलं तर आत जाऊ नका. काठीनं आवाज करत जा, कोपऱ्यात आणि गाद्यांत साप असतात. वायरमननं तपासल्याशिवाय मेन चालू करू नका.

दुसरी गोष्ट फोटो. गाळ असतानाच, सामान जिथं पडलंय तिथंच. भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असा एक फोटो, त्यात उंचीसाठी घरातला माणूस उभा. त्या रेघेवर ऑइलपेंटनं खूण करून वर्ष लिहा. दुकानदार आणि गाडीवाल्यांनी विमा कंपनीला आधी कळवावं आणि सर्व्हेअर येईपर्यंत खराब माल फेकू नये. बुडालेली गाडी चालू करून बघू नका, इंजिनात पाणी असेल तर एका सेल्फमध्ये ते कायमचं जातं.

तिसरी, पाय. गमबूट घाला. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून होतो. पूर ओसरल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर अंगावर न काढता आरोग्य केंद्रात जा आणि पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे सांगा. पिण्याचं पाणी खळाळून उकळा. विहीर आणि जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून, ब्लीचिंग पावडर टाकूनच वापरा. भिजलेलं धान्य, पीठ आणि औषधं टाकून द्यायची, कितीही जीव तुटला तरी.

पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात, शहरात महापालिकेची माणसं. तेव्हा घरात जाणतं माणूस हजर हवं. घर, गोठा, जनावरं, पीक आणि दुकान यांची नोंद वेगवेगळी झाली का ते बघा. नुसतं 'घरात पाणी' लिहून घेतलं तर गोठ्याचं आणि जनावरांचं राहून जातं. पाणी किती दिवस होतं हे तारखांसह सांगा. खाते क्रमांक आणि आयएफएससी पासबुकातून स्वतः वाचून दाखवा, आधार त्या खात्याला जोडलेलं आहे याची खात्री करा. सही करण्याआधी लिहिलेलं पूर्ण वाचा आणि त्या पानाचा फोटो काढा. यादी लागली आणि त्यात नाव नसेल तर लगेच तहसील कार्यालयात फोटोंसह लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.